दोन थापा म्हणजे नाही

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. व्हीलचेअर म्हणा हवं तर. ज्या घरात मी राहते तिथं मला नुसतं 'गाडी' म्हणतात. माझं पुढचं उजवं चाक जरा तिरकं पळतं, पाठीच्या रेक्झिनला ठिगळ आहे आणि डाव्या हाताखालच्या गादीला मधोमध खड्डा पडला आहे. पोरांना माझ्यावर बसून अंगणात चक्कर मारावीशी वाटते आणि मोठी माणसं मला पाहून आवाज खाली आणतात. दोन्हींची मला सवय आहे.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथं नळ्या वाकवायचे, जोडायचे, घासून चकचकीत करायचे. चाकांच्या तारा ताणणारा एक म्हातारा कारागीर होता. चाक हवेत धरून तो गरकन फिरवायचा, मान तिरकी करून ऐकायचा आणि म्हणायचा, "जा आता, कुणाला पाडू नकोस." एवढाच काय तो मला मिळालेला आशीर्वाद.

मग मी दवाखान्यात आले. वॉर्डापासून एक्स-रेच्या खोलीपर्यंतचा लांब बोळ हीच माझी वाट. दिवसभर माझं येणं-जाणं चाले. वॉर्डबॉय माझं कौतुक करायचा, "ही आपली घोडी, कधी अडत नाही." त्या वर्षांत मला एक गोष्ट हळूहळू कळली. चालत आलेलं माणूस माझ्यात बसलं, की ते एकदम लहान होतं. त्याच्याशी कुणी बोलत नाही. डॉक्टर मला ढकलणाऱ्याला विचारतात, "काय होतंय यांना?" लिफ्टवाला विचारतो, "यांना कुठं न्यायचंय?" सगळं बोलणं वरच्या वर होतं आणि माझ्यातलं माणूस आपल्या गुडघ्यांकडे बघत बसतं.

पुढं नव्या खुर्च्या आल्या आणि मला जिन्याखाली लोटलं. माझ्यावर फुटक्या बादल्या ठेवल्या गेल्या. घोडी म्हणणारा वॉर्डबॉयही येता-जाता वळून बघेना. मी गंजत होते. एक दिवस वॉर्डातल्या सिस्टरनं धूळ झटकून मला बाहेर काढलं आणि एका बाईच्या हाती दिलं. "घरी न्या. अजून पुष्कळ चालेल ही," ती म्हणाली.

त्या बाईचा नवरा शहरातल्या बसवर ड्रायव्हर होता. सकाळी कामावर निघताना बुटाची नाडी बांधता बांधता तो कलंडला होता. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. म्हणजे सगळं नाही गेलं. एक शब्द राहिला होता. "हो."

आता नुसतं 'हो' म्हणणारं माणूस जगाला किती आवडतं, ते मी पाहिलं. नातेवाईक यायचे आणि म्हणायचे, "किती समजूतदार झालाय हो! कशालाच नाही म्हणत नाही." खिडकी लावू का? हो. उघडू का? हो. औषध घेतलं? हो. त्या ड्रायव्हरच्या कपाळावरची शीर टरारून फुगलेली असायची, पण ती कोण बघतं?

ती त्यांच्या मुलीनं पाहिली. ती तेव्हा शाळेत होती. सारखी वाद घालते म्हणून बाबांनीच तिचं नाव 'वकील' पाडलं होतं आणि घरात सगळे तिला तशीच हाक मारायचे. एका दुपारी तिनं माझ्यासमोर मांडी घातली आणि विचारलं, "बाबा, तुमच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतू?"

"हो," बाबा म्हणाले, आणि डाव्या हातानं त्यांनी माझ्या गादीवर दणादणा मारलं.

वकील हसली नाही. ती म्हणाली, "कळलं मला. तोंड तुमचं ऐकत नाही. हात ऐकतो ना? मग एक थाप म्हणजे हो. दोन थापा म्हणजे नाही. ओतू पाणी?"

दोन थापा.

त्या दिवशी त्या घरात किती महिन्यांनी कुणीतरी 'नाही' म्हणालं होतं. मुलगी माझ्याभोवती नाचली. "बाबा, बाकीची माणसं थापा मारतात तेव्हा खोटं बोलतात, तुम्ही थापा मारता तेव्हाच खरं बोलता!" ती म्हणाली. बाबांच्या अर्ध्या तोंडावर हसू आलं. माझ्या गादीला खड्डा पडायला सुरुवात झाली ती तेव्हापासून.

तीन वर्षं गेली. आता वकील अकरावीत गेली होती. आई घरातच असायची. आधी ती कपड्यांच्या कारखान्यात शिवणविभागाची सुपरवायझर होती. यंत्रांच्या गोंगाटावर तिचा आवाज चढायचा, असं म्हणतात. मी मात्र तिला कायम हळू बोलतानाच ऐकलं. बाबांना उठवायचं, पुसायचं, भरवायचं, कूस बदलायची, मला ढकलत व्हरांड्यात न्यायचं, परत आणायचं. थापांची भाषा तिलाही येत होती, पण तिच्यापाशी प्रश्न विचारायला वेळ नसे. बाबांना काय हवं ते तिला आधीच ठाऊक असे, किंवा ठाऊक आहे असं तिला वाटे.

त्या वर्षी भाषेच्या सरांनी वर्गाला एक कादंबरी वाचायला दिली. वकील ती संध्याकाळी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवायची, म्हणून मीही ऐकली. गोष्ट अशी होती. एका बेटावर एक शिक्षिका राहते. तिचा नवरा शिडीवरून पडून अंथरुणाला खिळतो. ती अनेक वर्षं त्याचं सगळं करते. शेवटी ती त्याला एका सेवागृहात ठेवते आणि दूरच्या गावातल्या शाळेवर रुजू व्हायला बोटीत बसते. शेवटच्या पानावर ती मागं वळूनही बघत नाही.

ते पान वाचून वकिलीणबाईंनी पुस्तक धाडकन मिटलं. "मागं वळून बघायला काय झालं होतं तिला?" तिचे डोळे भरले होते.

सरांनी वर्गाला विषय दिला : नायिकेनं केलं ते बरोबर की चूक? मुलांमध्ये जोरात वाद झाले. कुणी म्हणालं, बायकोनंच का आयुष्य घालवायचं? कुणी म्हणालं, आजारी माणसाला परक्यांच्या हवाली करणं म्हणजे टाकून देणंच. ज्या विद्यार्थ्यांची मतं सरांना दमदार वाटली, त्यांना गावच्या वाचनालयाच्या सभागृहात, पालकांसमोर ती मांडायला सांगितलं. त्यात आमची वकील होती. तिचं मत अगदी पक्कं होतं. ती बाई पळपुटी आहे.

इथवर सगळं ठीक होतं, मित्रांनो. पण त्याच आठवड्यात एका दुपारी, वकील कॉलेजात असताना, कारखान्याच्या मॅनेजर मॅडम घरी आल्या.

त्या माझ्या समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि बाबांच्या डोक्यावरून आईशी बोलू लागल्या. दुसऱ्या शहरात कारखान्याची नवी शाखा निघत होती. तिथला शिवणविभाग उभा करायला त्यांना आईच हवी होती. वर्षभर तिकडं राहावं लागणार होतं. "तुझ्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही," मॅडम म्हणाल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं, "यांच्यासाठी नदीपलीकडं आजाऱ्यांना सांभाळणारं चांगलं केंद्र आहे. माझे सासरे तिथंच होते. बोलायचा सराव करून घेणारी बाईसुद्धा आहे तिथं. विचार कर. सोमवारपर्यंत सांग."

मॅडम गेल्या. आई बराच वेळ दाराला टेकून उभी राहिली. तिचा श्वास जोरात चालला होता आणि चेहरा एकदम तरुण दिसत होता. मग तिनं तो चेहरा पदरानं पुसल्यासारखा पुसून टाकला, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "ऐकलंत ना सगळं? काळजी करू नका. मी नाही म्हणून कळवते त्यांना."

बाबांनी दोन थापा मारल्या.

आईनं मान हलवली. "हो हो, नाही जात मी. कुठं नाही जात."

पुन्हा दोन थापा. पुन्हा दोन. दर वेळी आधीपेक्षा जोरात.

"अहो, नाही जाणार म्हटलं ना!" तिचा आवाज चिरकला. तिनं त्यांचा हात दाबून धरला. "एवढं घाबरायला काय झालं?"

मित्रांनो, माझ्या पोलादाच्या नळ्यांना वाचा असती, तर मी तेव्हा किंचाळले असते. तुझ्या 'नाही'ला ते नाही म्हणतायत, बाई! पण मला फक्त करकरता येतं आणि त्या करकरीला घरातले तेल दाखवतात. आई स्वयंपाकघरात निघून गेली. बाबा म्हणाले, "हो." मग आणखी मोठ्यानं, "हो! हो!" शेवटी ते दमले आणि त्यांनी मान टाकली.

संध्याकाळी वकील भाषणाचा सराव करायला माझ्यासमोर उभी राहिली. तिला दुपारचं काहीच माहीत नव्हतं. आईनं तिला सांगितलं नव्हतं. जे करायचंच नाही, ते सांगायचं कशाला, असं तिला वाटलं असणार.

"ज्या माणसानं तिला आयुष्यभर साथ दिली, त्याला चार भिंतींत सोडून ती बोटीत बसते," वकील हात उंचावून म्हणाली. "याला काय धैर्य म्हणायचं?"

बाबांनी एक थाप मारली.

"पटतंय ना तुम्हाला!" ती आनंदानं म्हणाली आणि पुढं गेली. "सुखासाठी आपल्या माणसाकडं पाठ फिरवायची, हा काय माणसाचा हक्क आहे?"

एक थाप. दणकन.

"बघा, इथंच लोक टाळ्या वाजवणार!"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. मला दारातून आईचा खांदा दिसत होता. ओट्याला टेकून ती लेकीचं एकेक वाक्य ऐकत होती. 'पळपुटी' हा शब्द आला तेव्हा तो खांदा हलला. मग भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा मोठा.

"कसं वाटलं गं आई?" वकिलीनं विचारलं.

"छान," आई आतूनच म्हणाली. "खणखणीत बोलतेस."

त्यानंतरचे दिवस मला आठवले, की अजून माझे नटबोल्ट आवळल्यासारखे होतात. बाबा जेवेनात. आईचा घास पुढं आला की तोंड फिरवत. वकील भाषणात बुडालेली होती. आईला वाटे, ते घाबरले आहेत. ती आणखी गोड बोले, आणखी जवळ बसे. तसे बाबा आणखी चिडत. आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, भेटायला आली. मॅडम येऊन गेल्याचं तिला बाहेरूनच कळलं होतं. तिनं आईला व्हरांड्यात बोलावून सुनावलं, "वहिनी, असलं काही मनातसुद्धा आणू नका हं. दादा परक्यांच्या हातून जेवणार? लोक आपल्या तोंडात शेण घालतील." आई म्हणाली, "मी नाही म्हणणारच आहे, वन्सं." ती हे इतक्या शांतपणे म्हणाली, की आत्याच गडबडली.

कार्यक्रम रविवारी होता. मॅडमना उत्तर द्यायच्या सोमवारच्या आदल्या दिवशी.

आईनं बाबांना इस्त्रीचा शर्ट घातला. वाचनालयाच्या पायऱ्यांवर फळी टाकून मला वर चढवलं. सभागृह भरलेलं होतं. मला मधल्या वाटेत, पुढच्या रांगेशेजारी लावलं, ब्रेक ओढले. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला आत्या. एका गृहस्थांनी आईला विचारलं, "यांना ऐकू येतं ना?" आई हो म्हणाली. बाबाही म्हणाले, "हो." गृहस्थ दचकले.

आधी एक मुलगा बोलला. त्यानं नायिकेची बाजू घेतली. तो ठाकठीक बोलला, पण घोकून आल्यासारखा. टाळ्याही तशाच पडल्या. मग आमच्या वकिलीचं नाव पुकारलं.

ती बोलायला लागली आणि सभागृह सावरून बसलं. पोरीच्या बोलण्यात धार होती. वाक्यागणिक माणसं माना डोलावत होती. आत्यानं पदर डोळ्यांना लावला. आई मात्र ताठ बसली होती, हात मांडीवर, जणू डॉक्टर सुई टोचणार आहेत आणि आपण हलायचं नाही.

"ज्याला बोलता येत नाही, हलता येत नाही, त्याला सोडून ती बोटीत बसते. याला काय धैर्य म्हणायचं?"

धप्प.

पुढच्या रांगेनं वळून पाहिलं. वकील हसून पुढं गेली.

"हा काय माणसाचा हक्क आहे?"

धप्प.

"दादा, शांत बस. लोक बघतायत," आत्या पुटपुटली आणि तिनं बाबांचा हात धरला.

"एकदा तरी विचार करा त्या नवऱ्याचा!" वकिलीचा आवाज आता चढला होता. "त्याच्या तोंडात शब्द असते, तर त्यानं तिला जा म्हटलं असतं का?"

बाबांनी आत्याच्या हातातून आपला हात हिसकला. इतकी जोराची थाप त्यांनी मला त्याआधी कधी मारली नव्हती. माझा सांगाडाच्या सांगाडा हादरला. एक. फक्त एक. आणि मग त्यांनी मुलीकडं पाहिलं.

वकील थांबली.

तिच्या ओठांवर पुढचं वाक्य आलं होतं, ते तिथंच राहिलं. मला तिचा चेहरा समोर दिसत होता. आधी तिथं गोंधळ होता. मग ती मनातल्या मनात मागं मागं गेली असावी. याला धैर्य म्हणायचं? हो. हा हक्क आहे? हो. त्यानं जा म्हटलं असतं? हो. थापांची भाषा तिनंच बनवली होती आणि इतके दिवस ती त्या थापांना टाळ्या समजत होती.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. आत्यानं पुन्हा बाबांचं मनगट पकडलं.

"आत्या, हात सोड त्यांचा," वकील माइकवरून म्हणाली.

सर खुर्चीतून अर्धे उठले, पण मध्ये पडले नाहीत.

"बाबा," ती म्हणाली. आता तो भाषणाचा आवाज नव्हता. "त्या बाईनं जायला हवं होतं?"

एक थाप.

"थांबा. मी उलटं विचारते. तिनं राहायला हवं होतं?"

एक. दोन.

कुणीतरी खोकलं. तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची सरकली. आई उठली होती. कुणाकडंही न बघता, भराभर चालत, ती मधल्या वाटेनं सभागृहाबाहेर गेली.

वकिलीनं तिला जाताना पाहिलं. मग हातातले कागद खाली ठेवले आणि श्रोत्यांना म्हणाली, "माझं भाषण संपलेलं नाही, पण मला पुढं येत नाही. ही कादंबरी मी दोनदा वाचली. तिच्यात तो नवरा एकदाही बोलत नाही. मला वाटलं, लेखकानं त्याला विसरून अन्याय केला. पण मी पण त्याला विचारलं नाही. त्याच्या वतीनं मीच रडले. ती बरोबर की चूक, ते मला आता सांगता येणार नाही. मला जाऊ द्या."

टाळ्या पडल्या की नाही ते मला आठवत नाही. तिनं धावत येऊन माझे ब्रेक काढले आणि मला ढकलत बाहेर नेलं. मागून आत्या पर्स सांभाळत आली.

आई व्हरांड्यात पाण्याच्या टाकीपाशी उभी होती. नळ सुरू होता आणि ती पाणी पीत नव्हती.

"का उठलीस तू?" वकिलीनं विचारलं.

आईनं नळ बंद केला. मग तिनं सगळं सांगितलं, मॅडम, नवी शाखा, वर्षभर, उद्याचा सोमवार. सांगताना ती लेकीकडं नाही, नळाकडं बघत होती. "मी नाही म्हणणारच होते," ती शेवटी म्हणाली. "तुझ्या भाषणामुळं नाही. ह्यांनीच सांगितलं मला, जाऊ नको म्हणून. दोन थापा मारल्या."

"कशाला मारल्या? तू काय विचारलं होतंस?"

"विचारलं कुठं? सांगितलं. म्हटलं, नाही म्हणून कळवते."

"मग ते त्या नाहीला नाही म्हणाले गं आई!"

"नाहीला नाही म्हणजे काय ते मला सरळ सांगा," आत्या मध्येच म्हणाली. "दादाला पाठवायचा का परक्यांच्या दारात? दादा, तूच सांग, असं बरं दिसेल का?"

"हो!" बाबा ओरडले. इतक्या रागानं, की आत्या एक पाऊल मागं सरकली. आणि वकील, रडता रडता, फसकन हसली.

मग आई माझ्यासमोर आली. त्या दुपारसारखीच उकिडवी बसली, पण या वेळी तिला घाई नव्हती. "खरं सांगा," ती म्हणाली. "तिकडं तुम्हाला भीती वाटेल?"

बाबांनी पुष्कळ वेळ घेतला. मग एक थाप मारली. हलकी.

आईचा चेहरा पडला. वकील पुढं काही बोलणार, तोच आईनं तिला हातानं थांबवलं आणि पुढचा प्रश्न स्वतःच विचारला. "तरी जाऊ?"

एक थाप.

आईनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. वकील माझ्या मागं उभी होती. तिच्या मुठी माझ्या दांड्यांवर घट्ट आवळलेल्या मला जाणवत होत्या.

"मला राग येणार आहे," ती म्हणाली. "तू गेलीस की मला खूप राग येणार आहे, आई. मी फोनवर नीट बोलणार नाही. मला आत्ताच माहीत आहे." तिनं नाक पुसलं. "तरी जा."

मित्रांनो, त्यानंतर सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. आई नव्या शाखेवर गेली, बाबा नदीपलीकडच्या केंद्रात. केंद्राच्या स्वतःच्या खुर्च्या होत्या, म्हणून मी घरीच राहिले. घडी घालून मला दाराआड उभं केलं. पहिल्या आठवड्यात बाबा तिथं कुणाच्याच हातून जेवले नाहीत, असं वकील आत्याला सांगत होती. हो, तीच आत्या! वहिनी गेल्यावर पोरगी एकटी कशी राहणार म्हणून ती बॅग घेऊन आली आणि रोज कुरकुरत सगळ्यांचं करत राहिली. "लोक काय म्हणतील" हे ती अजून म्हणायची, पण मग लोकांनी काही म्हटलंच, तर त्यांच्याशी भांडायलाही तीच जायची.

बाबा जेवत नाहीत हे कळल्यावर आईनं परत यायची तयारी केली होती. वकील केंद्रात जाऊन बाबांसमोर बसली, हे मी नंतर तिच्याच तोंडून ऐकलं. "आईला बोलवू परत?" दोन थापा. "मग जेवा." बाबांनी तोंड फिरवलं. मग तिला सुचलं आणि तिनं विचारलं, जेवण आवडत नाही? भरवणारा आवडत नाही? वेळ आवडत नाही? शेवटी कळलं ते इतकंच, की त्यांना डाव्या हातानं स्वतःच खायचं होतं. सांडलं तरी. घरी आम्ही ते कधी करूच दिलं नव्हतं.

फोनवर वकील खरंच नीट बोलायची नाही. आई विचारायची, ही तोडून उत्तर द्यायची, आणि फोन ठेवल्यावर माझ्या पाठीवर डोकं टेकून बसायची.

मग एका शनिवारी आई पहिल्यांदा घरी आली. संध्याकाळी बाबांनाही दोन दिवसांसाठी आणायचं होतं, म्हणून वकिलीनं मला उघडून ठेवलं होतं, चाकांना तेल दिलं होतं. आई दारातून आत आली, बॅग टाकली आणि सरळ माझ्यात बसली. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत, आजारी नसलेलं मोठं माणूस माझ्यात बसलं ते तेव्हाच. तिनं चपला काढल्या, माझ्या पाय ठेवायच्या पट्टीवर पाय टेकले, डोळे मिटले.

"ती बाबांची गाडी आहे," वकील कोरडेपणानं म्हणाली.

"बसू दे गं जरा."

मग वकील माझ्यासमोर आली आणि खाली बसली. आईच्या सुजलेल्या पावलांकडं तिनं पाहिलं. "आई," तिनं विचारलं, "तुझं बरं चाललंय का तिकडं?"

आईनं डोळे उघडले. "काम जमतंय," ती म्हणाली. "पण परवा मी एका मुलीला शिलाई उसवायला सांगत होते, तर ती म्हणते, मॅडम, एवढं हळू का बोलता, आत कुणी झोपलंय का?" ती हसली. हसता हसता तिला हुंदका आला आणि मग तो थांबेना. वकिलीनं काही समजावलं नाही. नुसती तिची पावलं मांडीवर घेऊन चेपत बसली. आत्यानं आतून डोकावून पाहिलं आणि आल्या पावली परत गेली.

मित्रांनो, मी एक साधी खुर्ची. कादंबरीतल्या बाईचं बरोबर होतं की चूक, ते मला सांगता येणार नाही. तुम्ही मोठे व्हाल, वाद घालाल, खुशाल घाला. माझं मागणं लहान आहे. माझ्यासारखी एखादी तुम्हाला रस्त्यात, दवाखान्यात, कुणाच्या घरात दिसली, तर मागं उभ्या असलेल्या माणसाशी वरच्या वर बोलून निघून जाऊ नका. पुढं या, गुडघे वाकवा, डोळ्याला डोळा भिडेल इतकं खाली बसा आणि जे विचारायचं ते त्यालाच विचारा. उत्तर यायला वेळ लागला, तर थांबा. आणि मग उभे राहाल, तेव्हा मागच्या माणसालाही विचारा, की तुझं बरं चाललंय का.

आणि हो, जमलं तर चाकांना तेल द्या.